कुणाची गं तू?

मार्शलला मी पहिल्यांदा गेले ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. ऑक्टोबर २०२४. हेलेन वादळात, २७ सप्टेंबरला, फ्रेंच ब्रॉड नदी या गावात शिरली होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातलं हे एवढंसं गाव. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला उभा कडा आणि मधल्या पट्टीत एकच मोठा रस्ता, विटांची दुकानं, घुमटाचं कोर्ट. पाण्याला पसरायला जागाच नव्हती, म्हणून ते वर चढलं. आम्ही शार्लटहून चार मराठी घरं दोन गाड्यांत पाण्याच्या बाटल्या, ब्लीच, फावडी आणि हातमोजे घालून गेलो होतो. गाळ अर्धा वाळला होता. पाऊल टाकलं की वरची साय फुटायची आणि खालून नदीचा वास यायचा.

एका दुकानाच्या दारात एक म्हातारी बाई उलट्या बादलीवर बसली होती. समोर चादर अंथरलेली आणि चादरीवर जुने फोटो. पाण्यानं एकमेकांना चिकटलेले फोटो ती लोणी लावायच्या बोथट सुरीनं सोडवत होती. सुरीचं टोक कोपऱ्यातून हळूच आत घालायची, फुंकर मारायची, मग अजून थोडं. एखादा सुटायचा. एखाद्याचा चेहरा समोरच्याच्या पाठीवर उतरून जायचा. तो फोटोही ती टाकत नव्हती, बाजूला ठेवत होती.

मी पाण्याची बाटली पुढे केली तर तिनं वर बघून विचारलं, ‘हू आर युअर पीपल?’

तुझी माणसं कोण? मला गलबलूनच आलं. अमेरिकेत इतकी वर्षं झाली. ‘कुठून आलीस’, ‘काय करतेस’ हे हजारदा विचारून झालंय, पण हा प्रश्न कुणी केला नव्हता. हा आमच्या गावचा प्रश्न. मी जावळीची, सातारा जिल्ह्यातली. मेढ्याच्या एसटीतून उतरून गावची वाट धरली की पारावरची एखादी आजी डोळ्यांवर हात धरून विचारणारच, ‘कुणाची गं तू?’ त्यावर आपलं नाव सांगायचं नसतं. ‘वरच्या आळीच्या तात्यांची नात’ असं सांगायचं. मग ती आजी मनातल्या मनात सगळी भावकी फिरून येते, आईचं माहेर सापडतं, आणि म्हणते, ‘मग ये की, चहा घे.’

मी तिला माझ्या माणसांविषयी सांगितलं. डोंगर आहेत म्हटल्यावर ती खूश झाली. मग फोटोवरची नजर न काढता म्हणाली, ‘आम्ही लॉरेलची. त्या वरच्या खोऱ्यातली. आमचे लोक मिठासाठी खाली आले होते ना, ते याच रस्त्यावर.’

मला वाटलं, वादळानंतर मीठ संपलं असेल आणि कुणीतरी गावात आलं असेल. मी विचारलं, ‘कधी?’

‘त्रेसष्ट साली,’ ती म्हणाली. एकोणीसशे त्रेसष्ट नव्हे. अठराशे.

त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत गाळ उपसला आणि परतलो. पण ‘मिठासाठी खाली आले होते’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर मी त्या मिठाच्या मागे लागले.

अमेरिकेतल्या त्या लढाईला आपल्या शाळेच्या पुस्तकात ‘यादवी युद्ध’ म्हणतात. तेव्हा पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरून गेले. आता तो शब्द पुन्हा उच्चारून पाहिला. यादव प्रभासक्षेत्री एकमेकांवर तुटून पडले आणि हाताला येईल ते गवत उपटून भावांनी भावांना मारलं, त्यावरून आलेला शब्द. दोन फौजांच्या लढाईला तो मोठा वाटतो, पण एका खोऱ्यातल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या मारामारीला अगदी नेमका बसतो. शाळेत आम्हाला लिंकन शिकवला, गेटिसबर्ग शिकवलं, सहा लाखांवर माणसं मेली तेही शिकवलं. मार्शल आणि त्याच्या वरचं ते शेल्टन लॉरेल खोरं कुणी शिकवलं नाही.

या डोंगरात मोठी मळेदारी नव्हती. उतारावरची छोटी शेतं, मका, डुकरं, थोडा तंबाखू. दक्षिणेचं राज्य वेगळं काढायचं की नाही यावर घराघरात फूट होती. सगळ्या नॉर्थ कॅरोलायनातच होती म्हणा. फेब्रुवारी १८६१ मध्ये नुसती त्यासाठी सभा बोलवायची का, या प्रश्नावर मतदान झालं, तेव्हा राज्यानं थोडक्या मतांनी नाही म्हटलं होतं. एप्रिलमध्ये लिंकननं फौज मागितली आणि पारडं फिरलं. २० मे १८६१ ला राज्य बाहेर पडलं. त्याआधी एक आठवडा, त्या सभेचे प्रतिनिधी निवडण्याच्या मतदानाच्या दिवशी, याच मार्शलच्या रस्त्यावर दक्षिणेच्या बाजूच्या शेरीफनं गोळी चालवली. ती संघराज्याच्या, म्हणजे फुटून न निघण्याच्या बाजूच्या एका माणसाच्या मुलाला लागली. बापानं बंदूक उचलली आणि शेरीफला ठार केलं. रणांगणावरच्या पहिल्या मोठ्या लढाईला अजून दोन महिने होते. मार्शलची लढाई सुरू झाली होती.

मग १८६२ ची सक्तीची लष्करभरती आली. अठरा ते पस्तीस वयाच्या पुरुषांनी उभं राहायचं, पुढे पंचेचाळीसपर्यंत. त्याच वर्षी एक कायदा असाही झाला, की ज्याच्याकडे वीस गुलाम आहेत त्या मळ्यावरच्या एका गोऱ्या माणसाला सूट. डोंगरातल्या माणसाकडे वीस डुकरं असली तरी तो मोठा. ‘लढाई श्रीमंताची, मरायचं गरिबानं’ ही म्हण तेव्हा पडली, आणि ती म्हणणाऱ्यांमध्ये खोऱ्याखोऱ्यांतून लपलेले, फौजेतून पळून आलेले पुष्कळ होते. शेल्टन लॉरेलमध्ये असे बरेच जण होते.

इथे एक गोष्ट स्वतःलाही बजावून सांगावीशी वाटते. लॉरेलचे लोक संघराज्याच्या बाजूचे होते म्हणून ते सगळे गुलामगिरीविरुद्ध उभे होते असं समजू नये. बऱ्याच जणांना एवढंच हवं होतं की आपल्याला आपल्या डोंगरात राहू द्या. लढाई मात्र गुलामगिरीसाठीच होती, तिला दुसरं गोंडस नाव देऊ नये.

आणि मीठ. समुद्रावर उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी होती. बाहेरचं मीठ बंद झालं. डोंगरातल्या घराला मिठावाचून वर्ष काढता येत नाही. थंडी पडली की डुकरं कापायची, मांसाचे मोठे तुकडे लाकडी पेटीत मिठाच्या थरांमध्ये दाबून ठेवायचे. तेच पुढचे सहा महिने पुरवायचं. मीठ नसेल तर जनावर कापूनही उपयोग नाही, सडून जाणार. आपल्याकडे किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वी खारे मासे करून ठेवतात, तोच हिशेब. सरकार मीठ वाटून द्यायचं, ते मार्शलला साठवलेलं असायचं. लॉरेलच्या लोकांचं म्हणणं होतं की आमच्या वाट्याचं मीठ मुद्दाम रोखलंय, कारण आम्ही कुणाच्या बाजूचे हे त्यांना ठाऊक आहे.

माझ्या आजीचा एक नियम होता. मीठ कुणाच्या हातावर द्यायचं नाही. वाटीत द्यायचं, नाहीतर खाली ठेवायचं आणि समोरच्यानं उचलायचं. हातावर दिलं की भांडण होतं. तिन्हीसांजेला तर मीठ घराबाहेर जाऊच द्यायची नाही. लहानपणी मी तिला का म्हणून विचारून हैराण करायचे. आज वाटतं, जी वस्तू नसली तर घर बंद पडतं, तिच्याभोवती माणसं असेच नियम बांधत असतील.

जानेवारी १८६३ च्या सुरुवातीला लॉरेलचे सुमारे पन्नास जण मार्शलवर आले. मीठ उचललं, दुकानं फोडली. त्यांच्यातले काही कर्नल लॉरेन्स ॲलनच्या घरात घुसले. ॲलन हा दक्षिणेच्या ६४ व्या नॉर्थ कॅरोलायना रेजिमेंटचा प्रमुख, मार्शलचाच. तो घरी नव्हता. घरात त्याची बायको होती आणि तापानं फणफणलेली मुलं. तो लोहितज्वर, म्हणजे स्कार्लेट फीवर होता. त्यांच्यासमोर घर लुटलं, कपडे आणि पांघरुणंसुद्धा नेली असं सांगतात. पुढच्या काही दिवसांत ॲलनची दोन मुलं गेली.

हे मला इथं ठासून लिहायचंय. पुढे जे झालं ते इतकं भयंकर आहे की आधीचं हे घर माणसं विसरतात. पांघरूण ओढून नेलेली ती आई या गोष्टीत आहे, आणि ती राहिलीच पाहिजे.

शेजारच्या टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला दक्षिणेचा जनरल हेन्री हेथ होता. त्यानं बंदोबस्ताला फौज पाठवली आणि त्यात ६४ वी रेजिमेंट होती. म्हणजे ॲलनचीच माणसं, याच काउंटीतून भरती झालेली. ॲलन तेव्हा पदावरून निलंबित होता, तुकडी त्याच्या हाताखालच्या लेफ्टनंट कर्नल जेम्स कीथच्या ताब्यात होती. कीथही मार्शलचा. ॲलन तरी सोबत गेला.

मी जेव्हा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसले. बाहेरची फौज येते तेव्हा तिला वाट माहीत नसते. गावात कोण कुणाचं हे तिला कळत नाही, खोटं सांगून तिला चुकवता येतं. या तुकडीला चुकवता येत नव्हतं. कुठल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणाचं घर, घरात किती पोरगे, चुलता कुठं राहतो, हे त्यांना पाठ होतं. पुरुष बर्फातून रानात पळाले होते. बायका घरी होत्या. मुलगे, नवरे कुठं लपलेत ते सांगा म्हणून बायकांना मारलं. सत्तरीच्या बाईला हिकरीच्या फोकांनी रक्त येईपर्यंत फटकावलं, काहींच्या गळ्यात दोर घालून टांगलं आणि जीव जायच्या आत खाली सोडलं. त्या वेळच्या वर्तमानपत्रात हे छापून आलं.

शेवटी पंधरा जण हाती लागले. दोघे रात्रीतून निसटले, राहिले तेरा. त्यांना सांगितलं, नॉक्सव्हिलला नेतो, तिथं तुमचा खटला चालेल. काही मैल चालवत नेलं. मग एका जागी थांबवलं आणि पाच जणांना गुडघ्यांवर बसायला सांगितलं. त्यांच्यातल्या साठ वर्षांच्या जो वुड्सनं निदान प्रार्थनेपुरता वेळ मागितला म्हणतात. शिपाई बंदुका रोखून उभे होते, पण चाप ओढेनात. तेव्हा कीथ म्हणाला, गोळी घालत नसाल तर त्यांच्या जागी तुम्ही बसा.

डेव्हिड शेल्टन तेरा वर्षांचा होता. छापलेल्या हकिकतीनुसार त्यानं आपल्या माणसांना पडताना पाहिलं आणि विनवलं, की मला तोंडावर मारू नका. पहिली गोळी हातांना लागली. मग त्यानं परत विनवलं, तुम्ही माझ्या घरचे सगळे मारलेत, मला आईकडे आणि बहिणींकडे जाऊ द्या.

याच्यापुढे मी लिहीत नाही.

प्रेतं उथळ खड्ड्यात टाकली होती. नंतर घरच्यांनी ती काढून वरच्या टेकाडावर नीट पुरली.

राज्याचा गव्हर्नर झेब्युलन व्हान्स हाही याच डोंगरातला, शेजारच्या बन्कम काउंटीत जन्मलेला. त्याच्या कानावर गेलं. त्यानं सरकारी वकील ऑगस्टस मेरिमनला चौकशी करायला लावली. मेरिमननं फेब्रुवारीत पत्रं पाठवली. स्वतः दक्षिणेच्या सरकारचा माणूस, लढाई ऐन भरात, तरी त्यानं स्वच्छ लिहिलं की हे कीथच्या हुकमानं झालं आणि माझ्या मते हे सगळे खुनाचे गुन्हेगार आहेत. कीथ म्हणाला, हेथनंच सांगितलं होतं की कैदी नकोत. हेथ म्हणाला, कैद्यांना मारा असं मी कधीच बोललो नाही. कीथला राजीनामा देऊन जाऊ दिलं. हेथच्या डिव्हिजननं १ जुलैला गेटिसबर्गच्या लढाईला तोंड फोडलं, ते पानोपानी छापलेलं आहे. लढाई संपल्यावर कीथला पकडलं, ॲशव्हिलच्या तुरुंगात ठेवलं. १८६९ मध्ये तो तिथून पळाला. शिक्षा कुणालाच झाली नाही.

माझी आई माहेरची मोरे. जावळी १६५६ मध्ये शिवरायांनी घेतली, ती चंद्रराव मोऱ्यांकडून. शाळेत तो धडा आला की मी छाती फुगवून वाचायचे, आजही वाचेन. पण आजोळी सुट्टीत तोच धडा मोठ्यानं वाचला तर आजी काही बोलायची नाही. चुलीत लाकूड सरकवायची. एकदाच म्हणाली, ‘दोन्हीकडं आपलीच होती गं.’ मला तेव्हा ते कळलं नव्हतं. तिचा राग नव्हता, कुणाला कमी लेखणं नव्हतं. पुस्तकात जी ‘मोहीम’ होती ती तिच्या लेखी घरातली गोष्ट होती, आणि साडेतीनशे वर्षांनीसुद्धा ती गोष्ट सांगताना ती आवाज खाली घ्यायची. डोंगरातल्या खोऱ्यांत आवाज लांबवर जातो म्हणून असेल.

पुढच्या वर्षी एप्रिलात नवऱ्याला घेऊन मी परत गेले. मार्शलची बरीचशी दुकानं उघडली होती. फोटो सोडवणाऱ्या त्या आजींना मी शोधलं, त्या भेटल्या. मी ‘अ‍ॅपलेशिया’ म्हटलं तर हात हातात घेऊन सुधारलं, ‘अ‍ॅपलॅचा म्हण. तू आता आमच्यात जेवलीस.’ मक्याचा ब्रेड आणि घेवड्याची उसळ होती. तिखट नव्हती, पण मला आवडली. त्यांच्या आईची आई जुनी गाणी म्हणायची. सेसिल शार्प नावाचा इंग्रज १९१६ मध्ये ही गाणी गोळा करत याच खोऱ्यांतून हिंडला होता. साथीला वाद्य नाही, नुसता गळा. त्यात विश्वासघात असतो, खून असतात, पुराच्या पाण्यात वाहून गेलेले जीव असतात, आणि इथल्या बायका त्यांना ‘लव्ह साँग’ म्हणतात. ती शिकायची कशी, तर म्हणणारीच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. मी त्यांना जात्यावरच्या ओव्यांबद्दल सांगितलं. जात्याच्या दोन बाजूंना दोघी बसतात तेव्हाही गुडघे लागतात.

‘मीठ न्यायला आलेल्यांमध्ये तुमचं कोण होतं?’ मी शेवटी विचारलं.

‘माझ्या माहेरचे गेले होते,’ त्या म्हणाल्या. ‘आणि माझ्या सासरचे ६४ व्या रेजिमेंटमध्ये.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘लग्नात कुणी काही बोललं नाही. पण माझ्या आजीनं त्यांच्या घरचं मीठ कधी घातलं नाही जेवणात. अळणी खायची त्या घरी.’

मी बघतच राहिले. नवऱ्याला मराठीत सांगितलं तर तोही घास हातात धरून थांबला.

दुपारी आम्ही २०८ नंबरचा रस्ता धरून वर गेलो. जिथं २१२ फुटतो तिथं राज्य सरकारची पाटी आहे. संघराज्याच्या बाजूचे असल्याच्या संशयावरून तेरा पुरुष आणि मुलगे दक्षिणेच्या सैनिकांनी मारले, कबरी आठ मैल पूर्वेला, एवढंच त्यावर. ‘संशयावरून’ या शब्दापाशी मी बराच वेळ उभी होते. इथं संशय कसला? सगळ्यांना सगळं माहीत होतं.

खोरं अरुंद आहे. ओढा रस्त्याला चिकटून वाहतो. उतारांवर तंबाखू वाळवायची जुनी लाकडी कोठारं, फटींतून पलीकडचं आभाळ दिसणारी. डॉगवूड फुलला होता. पत्रपेट्यांवर आडनावं होती, आणि शेल्टन हे नाव मी मोजायचं सोडून दिलं. कबरीकडे जायच्या आधी खालच्या घरी विचारायचं, असं आजींनी बजावलं होतं. ‘कुणी पाठवलं विचारतील, माझं नाव सांग.’ दारावर टकटक केली. एका पुरुषानं दार उघडलं, मी आजींचं नाव घेतलं, त्यानं काही न बोलता बोटानं वाट दाखवली. त्यांचं नाव नसतं तर मला त्या चढावर पाय टाकायची हिंमत झाली नसती. आणि जानेवारी १८६३ मध्ये हेच घडलं होतं. कुणीतरी दारात उभं राहिलं होतं, नावं माहीत असलेलं.

वर गवतात दगड आहे. मी कपाळ टेकवलं नाही, आपल्यासारखं फूलही वाहिलं नाही. जरा बसले. खालून ओढ्याचा आवाज येत होता.

घरी आल्यावर मेरिमनच्या पत्रातली यादी पुन्हा काढली. त्याची यादी आणि नंतरच्या याद्या तंतोतंत जुळत नाहीत. नावं बदलतात, वयं बदलतात, एकाच नावाचे दोन दोन आहेत. पण मेरिमननं जमेल तिथं प्रत्येकाच्या पुढे काही लिहिलंय, वय, कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ. त्याच बैठकीत मी १८६० च्या जनगणनेतली गुलामांची नोंदवहीही पाहिली. गुलाम या डोंगरातही होते, थोडे असले तरी होते. त्या वहीत गुलामांची नावंच नाहीत. वय, पुरुष की बाई, रंग आणि वरती मालकाचं नाव. कुणाची गं तू, याचं एकच उत्तर त्या वहीत लिहायला जागा होती. लढाई झाली ती त्यांच्यापायी, आणि त्यांच्यातल्या कुणाची कबर मी कुणाच्या नावानं विचारत जाणार?

मग मेरिमनच्या यादीतली तेरा नावं वहीत देवनागरीत उतरवायला घेतली. शेल्टन लिहिताना ‘ल्ट’ प्रत्येक वेळी थोडा वेगळा येत होता. डेव्हिडचं नाव आलं. त्याच्यापुढे मेरिमननं वय लिहिलंय, तेरा, आणि लिहिलंय की मिठाच्या छाप्यात हा नव्हता.